गरोदरपणातला हिवताप आणि त्यावरची लस: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भादवा-कुवारात (भाद्रपद-आश्विनात) धुळे, जळगाव, नंदुरबारच्या दवाखान्यांत ‘थंडी वाजी ऱ्हायनी’ म्हणत येणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यात एखादी दोन जिवाची बाई असली की सोबत आलेल्या सासूच्या, आईच्या, नवऱ्याच्या प्रश्नांना अंत नसतो. मलेरियाची लस निघाल्याच्या बातम्या मोबाइलवर आल्यापासून त्या प्रश्नांत नवी भर पडली आहे. लस आहे तर ती हिला का नाही? आशाताई, सिस्टर आणि घरच्या माणसांकडून पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांब आहेत, कारण ती लांबच द्यावी लागतात.

गरोदर बाईला देता येईल अशी मलेरियाची लस आज मिळते का?

नाही. भारतात नाही आणि जगातही कुठे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजवर दोन मलेरिया लसींची शिफारस केली आहे. आरटीएस,एस या लसीची शिफारस ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली, तर आर२१ ची ऑक्टोबर २०२३ मध्ये. दोन्ही लसी लहान मुलांसाठी आहेत. साधारण पाच महिन्यांच्या वयापासून त्यांचे चार डोस देतात. गरोदर बाईसाठीच्या लसी अजून चाचण्यांत आहेत. त्यातली एक बरीच पुढे गेली आहे, बाकीच्या सुरुवातीच्या टप्प्यात आहेत.

आर२१ तर पुण्यातच बनते म्हणतात. मग ती आफ्रिकेत जाते आणि आपल्याला नाही, हे कसं?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने विचारला जातो. राग समजण्यासारखा आहे, पण इथे कुणी डावललेलं नाही.

आर२१ ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. वर्षाला १० कोटी डोस बनवण्याची तयारी असल्याचं कंपनीने सांगितलं आहे. ही लस फक्त फाल्सिपेरम जातीच्या मलेरियावर चालते. जिथे हा मलेरिया लहान मुलांचे जीव मोठ्या संख्येने घेतो, तिथेच तिचा खरा उपयोग. २०२३ मध्ये जगभर मलेरियाने अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यातली बहुतांश आफ्रिकेतली आणि त्यातही पाच वर्षांखालची मुलं जास्त. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे. २०२३ मध्ये देशभरात सुमारे २ लाख २७ हजार रुग्ण नोंदले गेले. नोंदीत सगळे येत नाहीत हे धरलं तरी फरक फार मोठा आहे. शिवाय आपल्याकडे व्हायवॅक्स जातीचा मलेरियाही भरपूर आहे आणि त्यावर या दोन्ही लसींचा काही उपयोग नाही.

गरोदरपणातला मलेरिया वेगळा का मानतात? ताप तो तापच ना?

इथे थोडं खोलात जाऊ, कारण लसीची सगळी खटपट याच उत्तरावर उभी आहे.

मलेरियाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि वाढतो. अशी बिघडलेली पेशी रक्तातून फिरत प्लीहेत गेली, तर प्लीहा ती गाळून टाकते. फाल्सिपेरमने यावर उपाय शोधला आहे. तो पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिनं आणून बसवतो आणि त्यांच्या आधाराने ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते. फिरणंच थांबलं की प्लीहेत जायचा प्रश्न उरत नाही. अशा प्रथिनांचे साठेक नमुने त्याच्याजवळ असतात आणि शरीराने एक ओळखला की तो दुसरा बाहेर काढतो. मलेरियाच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या शरीराला हळूहळू यातले बरेच नमुने ओळखू येतात. म्हणून मोठ्या माणसाला तिथे मलेरिया झाला तरी तो सहसा जिवावर बेतत नाही.

बाईला दिवस गेले की तिच्या शरीरात एक नवा अवयव तयार होतो, तो म्हणजे वार. वारेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाची एक साखरसाखळी असते आणि परजीवीच्या एका खास प्रथिनाला नेमकी तीच धरता येते. मिशल फ्रीड आणि पॅट्रिक डफी या संशोधकांनी १९९६ मध्ये हे चिकटणं दाखवलं. ते करणारं प्रथिन व्हार-टू-सीएसए असल्याचं कोपनहेगनच्या संशोधकांनी २००३ मध्ये पुढे आणलं. पुरुषाच्या किंवा गरोदर नसलेल्या बाईच्या अंगात परजीवीला या प्रथिनाचा उपयोग नसतो. म्हणून बाईच्या शरीराने ते आधी कधी पाहिलेलं नसतं. लहानपणापासून मिळवलेली प्रतिकारशक्ती इथे अपुरी पडते. बिघडलेल्या पेशी वारेत साठतात, तिथे सूज येते आणि बाळाकडे जाणारं अन्न-ऑक्सिजन कमी होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत आईच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं (त्याला ओळखून अडवणारे रक्तातले घटक) तयार होतात आणि त्या बाळंतपणात वारेतला मलेरिया कमी दिसतो. शरीर हे स्वतःहून शिकतं, तर लसीने पहिल्या खेपेआधीच का शिकवू नये? एवढ्या एका विचारातून गरोदरपणाच्या खास लसीचं काम सुरू झालं.

म्हणजे पहिलटकरणीलाच धोका आणि नंतर नाही?

आफ्रिकेच्या ज्या भागात वर्षभर मलेरिया असतो तिथे हे बरंचसं खरं आहे. आपल्याकडे असं धरून चालू नका. सातपुड्याच्या पाड्यांवर किंवा तापीकाठच्या गावांत मलेरिया ऋतूनुसार येतो, एखाद्या वर्षी येतो आणि एखाद्या वर्षी येतही नाही. एवढ्या तुरळक लागणीतून टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होत नाही. जबलपूरला संशोधक नीरू सिंग यांनी मध्य भारतातल्या गरोदर बायांमधल्या मलेरियावर बरीच वर्षं काम केलं, ते आपल्या सातपुड्याला लागूनच्याच मुलखातलं आहे. अशा भागात पहिली खेप असो की चौथी, धोका असतोच. एक फरक मात्र आपल्या पथ्यावर पडतो. आपल्याकडे बाईला बहुधा ताप येतो, म्हणजे आजार लपून राहत नाही. आफ्रिकेत कित्येक बायांना काहीच जाणवत नाही आणि वार मात्र परजीवींनी भरलेली असते.

आईला आणि बाळाला नेमकं काय होतं?

आईचं रक्त कमी होतं. आपल्याकडे आधीच कितीतरी गरोदर बाया रक्त कमी असलेल्या असतात, त्यात ही भर पडते आणि मग बाळंतपणातला साधा रक्तस्रावही झेपत नाही. फाल्सिपेरम गंभीर झाला तर तो डोक्यात जाऊ शकतो, रक्तातली साखर एकदम उतरते, फुप्फुसांत पाणी होतं. गर्भपात होऊ शकतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं, मूल पोटात दगावू शकतं. जगलेलं बाळ अनेकदा अडीच किलोच्या खाली भरतं आणि त्या कमी वजनाची किंमत पहिलं वर्षभर मोजावी लागते.

बाळाला जन्मतःच मलेरिया असणं शक्य आहे, पण ते क्वचित होतं. आईला शेवटच्या महिन्यात मलेरिया झाला असेल तर बाळ जन्मल्यावर तसं सांगून ठेवा. अंगावरच्या दुधातून मलेरिया जात नाही.

व्हायवॅक्स हलका असतो, त्याने काही होत नाही, हे खरं का?

गरोदर बाईच्या बाबतीत हे वाक्य कृपा करून वापरू नका. व्हायवॅक्स वारेत फाल्सिपेरमसारखा गर्दी करत नाही हे खरं. पण तो यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो. दर फेरीला आईचं रक्त घटतं, बाळाचं वजन घटतं. एका गरोदरपणात दोन-तीनदा ताप येऊन गेला तर हिशोब फाल्सिपेरमच्या जवळ जातो. व्हार-टू-सीएसएवरच्या लसी उद्या बाजारात आल्या तरी त्या व्हायवॅक्सला अडवणार नाहीत. लसीच्या बातम्यांत हा मुद्दा फार क्वचित येतो आणि आपल्यासाठी तोच मोठा आहे.

वारेतल्या मलेरियावरची खास लस कुठवर आली आहे?

दोन नावं आहेत. पॅमव्हॅक ही डेन्मार्क आणि जर्मनीच्या संशोधकांची, तर प्रिमव्हॅक ही फ्रान्सची. दोन्हींमध्ये व्हार-टू-सीएसएचा एक तुकडा वापरला आहे. पूर्ण प्रथिन इतकं अवाढव्य आहे की ते कारखान्यात सरळ बनवणं अवघड जातं. पॅमव्हॅकची पहिली चाचणी जर्मनीत आणि बेनिनमध्ये झाली, प्रिमव्हॅकची फ्रान्समध्ये आणि बुर्किना फासोत. दोन्ही ठिकाणी गरोदर नसलेली निरोगी माणसं घेतली होती. लसी सुरक्षित निघाल्या, प्रतिपिंडंही तयार झाली.

पण अडचण तिथेच सुरू झाली. ती प्रतिपिंडं ज्या नमुन्यावरून लस बनवली त्याला चांगली चिकटत होती आणि इतर ठिकाणच्या परजीवींच्या नमुन्यांना फारशी दाद देत नव्हती. या प्रथिनाची रूपं जागोजाग वेगळी असतात. म्हणून आता संशोधक त्यातला न बदलणारा भाग शोधत आहेत. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या आफ्रिकी बायांच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासून, ती नेमकं काय ओळखतात हे पाहणं चालू आहे. घाईने लस येईल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

मग पुढे गेलेली लस कोणती?

पीएफएसपीझेड नावाची, अमेरिकेतल्या सॅनारिया कंपनीची. तिची वाट निराळी आहे. वारेतल्या चिकटण्यावर न जाता, डास चावल्यावर अंगात शिरणारा परजीवीच यकृतात अडवायचा. त्यासाठी डासाच्या लाळग्रंथीतून परजीवी काढतात, किरणोत्सर्गाने ते दुबळे करतात आणि अख्खेच्या अख्खे शिरेतून टोचतात. दुबळा परजीवी यकृतापर्यंत पोचतो, पण पुढे वाढू शकत नाही. शरीराला मात्र त्याची पूर्ण ओळख होते.

आफ्रिकेतल्या माली देशात १८ ते ३८ वर्षांच्या, लवकरच मूल हवं असलेल्या ३०० बायांवर तिची चाचणी झाली आणि २०२४ मध्ये निकाल आले. आधी औषध देऊन अंगातला मलेरिया साफ केला, मग महिन्याभरात तीन डोस दिले. कुणाला कमी मात्रा, कुणाला जास्त, कुणाला नुसतं मिठाचं पाणी. तिसऱ्या डोसनंतर २४ आठवड्यांच्या आत ज्या ५५ जणींना दिवस गेले, त्यांच्यात कमी मात्रेने ६५ टक्के आणि जास्त मात्रेने ८६ टक्के संरक्षण दिसलं. दोन वर्षांत गरोदर राहिलेल्या एकूण १५५ जणींचा हिशोब केला तर हेच आकडे ५७ आणि ४९ टक्के भरले. मधे पुन्हा डोस दिलेला नव्हता हे लक्षात घेतलं तर निकाल खरोखर चांगला आहे. संख्या मात्र लहान आहे. ५५ बायांवरून कुठलंही सरकार कार्यक्रम आखत नाही, आणि आखूही नये.

ही लस द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते म्हणे. तोरणमाळला ती कशी पोचणार?

लस गोठवलेलीच ठेवावी लागते, हे बरोबर. शीतपेटीत बर्फ भरून उपकेंद्रात नेण्याची आपली नेहमीची पद्धत तिथे चालणार नाही. पण गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करणारे गेली कित्येक वर्षं द्रव नायट्रोजनच्या टाक्या मोटरसायकलला बांधून गावोगाव फिरत आहेत. वीर्यकांड्या ज्या थंडीत टिकतात त्याच थंडीत ही लस टिकते. पशुसंवर्धन खात्याला जे जमलं ते आरोग्य खात्याला जमू नये असं काही नाही. खरी अडचण शिरेतून टोचण्याची आहे. दंडाला सुई मारणारी सिस्टर दिवसाला शंभर जणांना लस देते, शीर शोधायला वेळ लागतो.

एकच इंजेक्शन घेऊन सहा महिने मलेरिया होत नाही, असंही वाचलं. ते काय आहे?

ती लस नव्हे, तयार प्रतिपिंडं आहेत. लस शरीराकडून प्रतिपिंडं बनवून घेते, इथे ती बाहेरूनच दिली जातात. मालीत प्रौढांवर झालेल्या चाचणीत सीआयएस४३एलएस नावाच्या अशा प्रतिपिंडाच्या मोठ्या मात्रेने सहा महिन्यांच्या मोसमात ८८ टक्के संरक्षण दिलं, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. गरोदरपण नऊ महिन्यांचं आणि आपला मलेरियाचा मोसम चार-पाच महिन्यांचा, त्यामुळे कल्पना आकर्षक आहे. महाग मात्र आहे.

भारतात यावर काही चाललं आहे का?

गरोदरपणाची खास लस नाही, पण मलेरियाच्या लसीचं काम आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) भुवनेश्वरमधल्या संस्थेत ‘अ‍ॅडफाल्सीव्हॅक्स’ नावाची लस तयार झाली आहे. ती बनवण्यासाठी ताक-चीज आंबवायला वापरला जाणारा लॅक्टोकॉकस हा जीवाणू वापरला आहे. माणसाला होणारी लागण थांबवणं आणि माणसाकडून डासाकडे जाणारा परजीवी तोडणं, अशी दुहेरी योजना तिच्यात आहे. जुलै २०२५ मध्ये आयसीएमआरने ती बनवण्यासाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. माणसांवरच्या चाचण्या त्यानंतरच्या.

व्हायवॅक्सविरुद्धच्या एका लसीची मुळं दिल्लीत आहेत. आयसीजीईबी या संस्थेत चेतन चिटणीस यांच्या गटाने डफी-बंधक प्रथिनावर, म्हणजे व्हायवॅक्स ज्याच्या आधाराने तांबड्या पेशीत शिरतो त्या प्रथिनावर, काम केलं. त्याच प्रथिनाच्या लसीने ऑक्सफर्डमधल्या स्वयंसेवकांच्या रक्तात परजीवी वाढण्याचा वेग साधारण निम्म्यावर आणला, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मला विचाराल तर खान्देशने ज्या लसीची वाट पाहावी ती हीच.

गरोदर बाईवर लसीचे प्रयोग करणं बरोबर आहे का?

थॅलिडोमाइडची आठवण अजून पुसलेली नाही. मळमळीवर दिलेल्या त्या औषधाने हजारो मुलं अधू जन्माला आली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. तेव्हापासून औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायांना बाहेर ठेवण्याची रीत पडली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की कुठलंही नवं औषध वा लस आली की ‘गरोदरपणात माहिती नाही’ एवढंच वेष्टनावर छापलं जातं आणि निर्णय एकट्या बाईवर आणि तिच्या डॉक्टरवर पडतो. करोनात हेच झालं. आपल्याकडे लसीकरण जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं आणि गरोदर बायांना परवानगी मिळायला २ जुलै उजाडला. मधे दुसरी लाट येऊन गेली.

म्हणून आता क्रम असा असतो. आधी जनावरांवर, मग मलेरिया नसलेल्या देशातल्या प्रौढांवर, मग मलेरियाच्या मुलखातल्या गरोदर नसलेल्या बायांवर, मग मूल हवं असलेल्यांवर आणि शेवटी गरोदर बायांवर. गरोदरपणात लस घेणं ही काही नवी गोष्ट नाही. धनुर्वाताची सुई आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गरोदरपणातच दिली जाते.

लस आलीच तर ती लग्नाआधी द्यायची की दिवस गेल्यावर?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. वार पहिल्या तीन महिन्यांतच तयार होते आणि लागणीचा फटका तेव्हापासूनच बसतो. बाई उपकेंद्रात नाव नोंदवायला येते तेव्हा अनेकदा तिसरा-चौथा महिना असतो. त्यानंतर तीन डोस म्हणजे निम्मं गरोदरपण संपलं. म्हणून लस दिवस जाण्याआधी द्यावी, असंच संशोधक म्हणतात.

पण आधी म्हणजे कधी? मालीची चाचणी १८ वर्षांवरच्यांची होती. आपल्या डोंगराळ तालुक्यांत पहिलं बाळंतपण कित्येकदा त्याच्याही आधी होतं. कायद्याने व्हायला नको, पण होतं, आणि पहिल्याच खेपेला धोका असताना अठराची अट घातली तर नेमक्या त्याच मुली सुटतात. अट काढली तर कमी वयातली लग्नं सरकारने मान्य केल्यासारखं दिसतं. याचं सोपं उत्तर कुणाकडे नाही. शाळेतल्या मुलींना सरसकट देणं हा एक मार्ग, पण ऊसतोडीला आई-बापासोबत गेलेली मुलगी शाळेत सापडत नाही.

वर्षातला काळ मात्र ठरवता येईल. अहिराणी पट्ट्यात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नव्या-जुन्या सगळ्या लेकी माहेरी येतात. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पाऊस. एक महिन्याचा डोसक्रम त्यात बसतो आणि माहेरी आलेली लेक आईसमोर मोकळेपणाने बोलते, जे सासरी होत नाही. सातपुड्यात पावरा-भिल्ल वस्त्यांवर होळीचा काळ चालेल. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून लोक परतायला लागतात आणि पाडे भरतात.

ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईचं काय?

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर, साक्री भागातून दिवाळीनंतर ट्रक भरून जोडपी दक्षिण गुजरातेत उसाच्या तोडीला जातात. उचल घेतलेली असते, त्यामुळे दिवस गेलेत म्हणून बाई मागे राहत नाही. पडावावर प्लास्टिकच्या झोपड्या, जवळ कालव्याचं पाणी, मच्छरदाणी टांगायला खांब नाही. नाव नोंदवलेलं असतं गावच्या उपकेंद्रात आणि बाई असते दुसऱ्या राज्यात. लस असो की नसो, या बाईपर्यंत पोचण्याची सोय झाल्याशिवाय कुठलाही कार्यक्रम कागदावरच राहील.

जायच्या आधी माता-बाल कार्ड आणि औषध मारलेली मच्छरदाणी सोबत द्या. ताप आला तर पडावाजवळच्या सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी फुकट होते, गुजरात असो की महाराष्ट्र. मुकादमाला हे माहीत करून द्या. आणि परत आल्यावर ताप नसला तरी आशाताईकडून एकदा रक्त तपासून घ्या.

सून चार महिन्यांची गरोदर आहे, कालपासून थंडी वाजून ताप येतोय. काय करू?

आजच रक्त तपासा, उद्यावर ढकलू नका. आशाताईकडे किट असतं, बोटाच्या एका थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत फाल्सिपेरम की व्हायवॅक्स ते कळतं. सोबत रक्ताची काचही घ्यायला सांगा. परजीवी वारेत दडलेले असले तर बोटाच्या रक्तात ते कमी दिसतात. म्हणून पहिली तपासणी कोरी आली आणि ताप चालूच राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

उपचार जातीवर आणि महिन्यावर ठरतो. व्हायवॅक्सला क्लोरोक्विन, तीन दिवस. ते गरोदरपणात चालतं. फाल्सिपेरमला चौथ्या महिन्यापासून पुढे आर्टेमिसिनिनची एकत्रित गोळी देतात. पहिल्या तीन महिन्यांत आपल्या राष्ट्रीय धोरणात क्विनाइन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन पहिल्या तिमाहीतही चालेल असं म्हटलं आहे. कोणती गोळी हे डॉक्टरच ठरवतील. घरात उरलेली, शेजारणीची किंवा मेडिकलवाल्याने सुचवलेली गोळी नको. ताप उतरला तरी कोर्स पूर्ण करा.

शुद्ध हरपणं, झटके, सारख्या उलट्या, लघवी काळपट होणं, दम लागणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ बोलवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

गरोदर बाईला प्रायमाक्विन का देत नाहीत? मग व्हायवॅक्स उलटणार नाही का?

उलटू शकतो. यकृतात दडलेला व्हायवॅक्स काढायला आपल्याकडे प्रायमाक्विन देतात, १४ दिवस. पण ज्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी आहे त्याच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. आईचं तपासता येतं, पोटातल्या बाळाचं तपासता येत नाही. म्हणून गरोदरपणात ती वर्ज्य. ही कमतरता आदिवासी समाजात तुलनेने जास्त आढळते, त्यामुळे आपल्याकडे हा नियम आणखी काटेकोर पाळायचा. बाळंतपणानंतर, अंगावर पाजण्याचा काळ आणि रक्ततपासणी पाहून डॉक्टर पुढचं ठरवतात. तोवर ताप आला की पुन्हा तपासायचं.

आमच्याकडे सिकलसेल आहे. सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही ना?

नंदुरबारकडे हा समज पक्का आहे. अर्धं सत्य आहे. एकाच पालकाकडून आलेला सिकलसेल, म्हणजे नुसता वाहक असलेला माणूस, गंभीर फाल्सिपेरमपासून बराच वाचतो. मलेरिया होतच नाही असं नव्हे. दोन्ही पालकांकडून आलेला सिकलसेल आजार असेल तर उलट आहे, मलेरिया त्याच्या जिवावर उठतो. तुमचं कार्ड वाहकाचं आहे की रुग्णाचं हे बघा आणि नोंदणीच्या वेळीच सिस्टरला दाखवा.

गरोदर बाईला डास जास्त चावतात हे खरं?

खरं आहे. गांबियातल्या एका अभ्यासात गरोदर बायांकडे मलेरियाचे डास जवळपास दुप्पट आकर्षित झाल्याचं २००० मध्ये दाखवलं गेलं. श्वास जास्त सोडला जातो आणि पोटाची कातडी किंचित गरम असते, ही कारणं दिली गेली.

तेव्हा मच्छरदाणी. औषध मारलेली असेल तर वीसेक धुण्यांपर्यंत आणि साधारण तीन वर्षं चालते. सावलीत वाळवा, नदीत धुऊ नका, मासे मरतात. (मासे धरायला तर वापरूच नका. तेही होतं.) उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपायची आपली सवय आहे, तर चार काठ्या बांधून मच्छरदाणीही अंगणात आणा. शहरात, जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे टाक्या आणि ड्रम झाका. शहरी मलेरियाचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

आधी भगताकडे नेलं, गुळवेलीचा काढा दिला. चालेल का?

काढ्याने परजीवी मरत नाही. भगताकडे जाण्यावरून भांडत बसू नका, त्यात वेळ जातो आणि माणूस दुरावतो. रक्त आधी तपासा, मग जायचं तिथे जा. काही पाड्यांवर भगतच तापाच्या बाईला आशाताईकडे पाठवतात. त्यांना सोबत घेणं सर्वांत शहाणपणाचं.

खान्देशला या लसीची गरज तरी पडेल का? मलेरिया २०३० पर्यंत संपणार म्हणतात.

देशाचं उद्दिष्ट २०३० पर्यंत निर्मूलनाचं आहे. रुग्ण असेच घटत राहिले तर जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर गरोदरपणाची लस सरसकट देण्याचं कारण उरणार नाही. आफ्रिकेतलं चित्र वेगळं आहे. तिथल्या ३३ देशांत २०२३ मध्ये अंदाजे ३ कोटी ६० लाख गरोदरपणांपैकी १ कोटी २४ लाखांत मलेरियाची लागण झाली. ही लस मुख्यतः त्यांच्यासाठी आहे आणि ती आधी त्यांनाच मिळाली पाहिजे. आपल्याकडे ती लागली तर सातपुड्याच्या कुशीतले थोडे पाडे आणि कामासाठी मलेरियाच्या मुलखात जाणाऱ्या बाया, एवढ्यांपुरती लागेल. थोड्यांसाठी असलेली लस पोचवणं सगळ्यांसाठीच्या लसीहून कठीण असतं, कारण त्यासाठी मोर्चे निघत नाहीत.

एका खासगी दवाखान्यात ‘मलेरियाचं इंजेक्शन’ दिलं. ती लस होती का?

नव्हती. गंभीर मलेरियावर आर्टेसुनेटसारखी इंजेक्शनं देतात, ती उपचाराची आहेत. त्याने पुढचा मलेरिया टळत नाही. मोठ्या माणसासाठी मलेरियाची लस भारतात कुणीही विकत देऊ शकत नाही. कुणी ती देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. दिलेल्या इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून मागा आणि तो कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. लसीच्या चाचणीत सहभागी करून घेतो असं कुणी म्हणालं, तर चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. भारतातली प्रत्येक अधिकृत चाचणी त्या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. सहीआधी संमतीपत्र मराठीत, लागलं तर अहिराणी, पावरी किंवा भिलोरीत समजावून घ्यायचा तुमचा हक्क आहे.